हुर्यो आधी, भाला नंतर

'ऑस्ट्रेलियन रूल्स' हा तिथला वेगळा फुटबॉल खेळणाऱ्या ॲडम गूड्स या आदिवासी खेळाडूबद्दलचा एक मजकूर पुन्हा फिरतोय: 'त्याची हुर्यो उडाली त्यात वंशद्वेष कुठे आला? फ्री किकसाठी तो नाटकं करत पडायचा, त्याने एका लहान मुलीला रडवलं, प्रेक्षकांवर भाला उगारला, आणि टीका सोसेना तेव्हा पळाला.'

पडण्याचं आधी घेऊ. आणला असेल कधी आव. या खेळात तो काही एकटा नव्हे. पण १९९९ ते २०१५ मध्ये सिडनी स्वान्सकडून तो ३७२ सामने खेळला आणि २००३ व २००६ साली ब्राउनलो पदकाचा मानकरी ठरला (पहिल्यांदा आणखी दोघांबरोबर). हे पदक नुसतं उत्तम नव्हे, तर सचोटीनेही खेळणाऱ्याला मिळतं आणि त्यासाठी मतं देतात मैदानावरचे पंच. ज्यांना तो फसवायचा म्हणतात, तेच! शिवाय खेळ तोच होता, तर सामन्यामागून सामना हुर्यो २०१४-१५ मध्येच का?

कारण मधे तो बोलला. २४ मे २०१३ला मेलबर्नमध्ये कॉलिंगवूडविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतल्या तेरा वर्षांच्या मुलीने त्याला 'एप' (वानर) म्हटलं. त्याने तिच्याकडे बोट दाखवून सुरक्षारक्षकांना सांगितलं. व्हिडिओ इथेच कापतात. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की दोष तिचा नाही, तिला आधार द्या. हे फॉरवर्डमध्ये नसतं. पाचच दिवसांत कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी रेडिओवर गूड्सचं नाव सिनेमातल्या किंग काँग या महाकाय गोरिलाशी जोडलं, हेही नसतं. ते तर लहान नव्हते. २०१४ साली 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा राष्ट्रीय सन्मान मिळाल्यावर तो वंशद्वेषाबद्दल आणखी मोकळेपणाने बोलू लागला.

आता भाला. तो हातात नव्हताच. २९ मे २०१५ला कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर गूड्सने आदिवासी युद्धनृत्य केलं आणि शेवटी भाला फेकल्याचा अभिनय केला. नाच शिकवला होता सोळा वर्षांखालच्या आदिवासी संघातल्या पोरांनी. सामनाही आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाच्या फेरीतला. न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा हाका हा माओरी युद्धनाच चालतो, हा चालत नाही. आणि हुर्यो या नाचाच्या आधीपासून सुरू होती. फॉरवर्डवाल्याने क्रमच उलटा लावलाय.

'मग बाकीच्या आदिवासी खेळाडूंची का नाही उडवली?' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर प्रश्नातच आहे. गोल करणारा आदिवासी चालत होता, राष्ट्रीय सन्मान घेऊन कान उपटणारा नाही.

आपणही फार वर चढून बोलू नये म्हणा. २००७मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सला माकडाच्या खुणा करणारे आपलेच होते, आणि तेव्हाही 'गंमत केली' म्हणणारे कमी नव्हते.

राहिलं पळणं. जुलै २०१५मध्ये पर्थच्या सामन्यात हुर्यो उडाल्यावर त्याने एक सामना सोडला, परत आला आणि सप्टेंबरमध्ये बाद फेरीत संघ हरेपर्यंत खेळला. मग निवृत्त झाला. वय ३५. २०१९मध्ये लीगने आणि अठराही क्लबांनी त्याची माफी मागितली. २०२१मध्ये 'हॉल ऑफ फेम' या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी बोलावलं, तर तो नको म्हणाला.