कारणाचा रकाना

रजेच्या अर्जात तारीख चुकली तर चालेल. सही राहिली तर शिपाई आठवण करून देईल. सांभाळायचा तो 'कारण' हा रकाना. तिथं चुकूनसुद्धा 'विश्रांती' लिहू नका.

मी लिहिलं होतं. डिसेंबरातली गोष्ट, जळगावच्या एमआयडीसीतला एक कारखाना, नाव कशाला घेऊ. शेठनं अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला. "विश्रांती? कशानं थकला भो तू? काही दुखू राहिलं का?" नाही म्हटलं. "घरी भांडण?" तेही नाही. शेवटी त्यांनाच माझी दया आली. लाल पेनानं 'विश्रांती' खोडून वर 'पोटदुखी' लिहिलं आणि सही ठोकली.

रजेच्या दुपारी मी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या बामणोदच्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी अन् कांद्याची पात घेऊन बसलो, तेवढ्यात स्टोअरमधले आप्पा दारात. हातात डबा. पोटदुखी ऐकून वहिनींनी मुगाची पातळ खिचडी धाडलेली. ताट कॉटखाली सरकवलं आणि त्यांच्यादेखत खिचडी संपवली. अळणी होती. आप्पांनी नाक वर केलं, "शेजारी भरीत दिसतंय," म्हणाले, आणि पाऊण तास हलले नाहीत.

तेव्हा कारण निवडताना डोकं वापरा. दशक्रिया विधी उत्तम, तिथं कोणी पत्रिका मागत नाही. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या सणाच्या, भरवशावर राहू नका. ती श्रावणात रविवारी बसते आणि शेठला पंचांग कळतं. सोमवारचं विसर्जन तेवढं पदरात पडेल. रावेर-यावलकडच्यांनी मात्र 'केळीची गाडी भरायची आहे' असं बेधडक लिहावं. इथलं काम सोडून तिथं राबायला चाललोय म्हटलं, की रजा हसत मंजूर होते.

कायद्याचं पुस्तक दाखवायची चूक करू नका. १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं, की वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक पगारी रजा, आणि अर्ज १५ दिवस आधी. वाचायला छान आहे. पण आपली आजी १५ दिवस आधी सांगून आजारी पडत नाही, हे दिल्लीतल्या माणसांना कसं सुचणार?

आणि परदेशाचं उदाहरण तर मुळीच देऊ नका, माणूस बिघडतो. आमचा भाचा पुण्यात आयटीत आहे, त्याचा साहेब जर्मन. ऑगस्ट आला की साहेब तीन आठवडे गायब, फोन बंद. का गेला, हे कोणी विचारत नाही. तिकडच्या कायद्यात आणखी एक चमत्कार आहे: रजेवर असताना माणूस आजारी पडला आणि डॉक्टरचा दाखला आणला, तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. आपण रजेसाठी आजारी पडतो; तिकडे आजारपणानं रजा नासली म्हणून ती परत मिळते! फ्रेंच लोकांनी १९३६ साली दोन आठवडे पगारी रजा मिळवली, १९८२ पर्यंत त्याचे पाच केले. शेठला दाखला हवाच असेल तर अमेरिकेचा द्या. तिथं खासगी नोकरीत पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदाच नाही. शेठ खूश होतील.

आपल्याला जवळचे ते जपानी. रजा असून घेत नाहीत. शेवटी सरकारला एप्रिल २०१९ पासून मालकांवर सक्ती करावी लागली, की वर्षाला किमान पाच दिवस माणसाला घरी पाठवाच. फिरून आल्यावर ऑफिसात सगळ्यांना मिठाई वाटायची तिकडे रीत आहे. आपणही पोटदुखीनंतर पेढे न्यायला हरकत नाही.

आपल्याकडे साधा रविवारसुद्धा फुकट मिळालेला नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना तो मिळाला. सांगतात, की हा खंडोबाचा वार आहे असंही त्यांनी मालकांना पटवलं. बघा, लोखंड्यांनाही रकाना चुकला नाही. 'दमलोय' एवढ्यावर भागलं नाही, देव आणावा लागला.

खेड्यात हिशोब आणखी चोख. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरतो, आणि तो न आला तो दिवस 'खाडा'. रजा हा शब्दच नाही. बिनकारणाची भरपगारी सुट्टी तिथं बैलाला, पोळ्याला. वर पुरणपोळी.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि का आलीस असं कोणी विचारत नाही. माझी बहीणही येते. गेल्या आखाजीला ती अंगणात निंबाखाली झोक्यावर बसली होती. मीही सकाळी शर्ट न चढवता ओसरीवर पसरलो. त्या दिवसाची रजा मंजूर होती, कारणात 'बहिणीला आणायला जाणे', ती आधीच घरात. आई चहा घेऊन आली. झोक्याला एक हलका धक्का दिला, वळली, आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"कामवर नई गया का रे? काय व्हयनं?"