‘नेटवर्क गेलं तरी तातडीचा कॉल लागतोच’ हे खरं नाही

कुठेही मोबाईल सेवा मोठ्या प्रमाणावर कोलमडली की लगेच एक युक्तिवाद फिरू लागतो. नेटवर्क गेलं तरी तातडीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागतोच. वादळा-पुराचे इशारे टॉवर थेट प्रसारित करतात, त्यांना काही होत नाही. कंपन्यांकडे पर्यायी यंत्रणा असतेच, आणि सेवा वाईट दिली तर ग्राहक सोडून जातील. मग नियम हवेत कशाला, नुसते कागद वाढतील. ऐकायला पटणारं आहे. पण गेल्या काही वर्षांत जे घडलं त्यापुढे यातलं एकही विधान टिकत नाही, आणि पहिलं तर जिवावर बेतणारं आहे.

फोन दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क शोधतो, हे बरोबर. पण कधी? स्वतःच्या कंपनीचा सिग्नल गेल्यावर. टॉवर चालू आणि त्यामागचं कोअर, म्हणजे कॉल जोडणारी मध्यवर्ती यंत्रणा, बंद अशी स्थिती आली तर फोनवर रेंज दिसत राहते आणि फोन त्याच निरुपयोगी टॉवरला धरून बसू शकतो. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या नेटवर्कमध्ये बदल करताना राउटरवरचा, म्हणजे माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रावरचा, एक फिल्टर काढला गेला. मार्गांच्या माहितीचा लोंढा कोअरमध्ये शिरला आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. टॉवर मात्र सुरूच राहिले. ते बंद केले असते तर तातडीचे कॉल दुसऱ्या कंपन्यांकडे गेले असते, पण दुरून टॉवर बंद करण्याची सोयही त्याच कोलमडलेल्या कोअरवर अवलंबून होती. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑप्टस या मोबाईल कंपनीची सेवा बंद पडली तेव्हा काही थ्रीजी टॉवर असेच चालू राहिले. त्या दिवशी २,१४५ लोकांचा ००० या तातडीच्या क्रमांकाशी संपर्क होऊ शकला नाही.

कोअरशी संबंध तुटला की टॉवरने आपोआप सिग्नल थांबवावा, असा नियम म्हणूनच हवा. आपला ग्राहक दुसऱ्याच्या टॉवरवर सोडून द्यायला कोणत्याही कंपनीला धंद्याचं कारण नाही. हे काम कायद्यानेच करून घ्यावं लागतं, आणि ते खरंच होतं का याची नियमित चाचणीही.

इशाऱ्यांचंही तेच. सेल ब्रॉडकास्टला, म्हणजे टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश पाठवण्याच्या पद्धतीला, कुणाचा नंबर लागत नाही, गर्दीने ते अडत नाही, हे त्याचं मोठं बळ. पण संदेश टॉवरपर्यंत येतो तो कोअरमधूनच. रॉजर्स बंद असताना सस्कॅचेवान प्रांतात निघालेले इशारे तिच्या मोबाईल ग्राहकांपर्यंत पोचले नाहीत. नेदरलँड्समध्ये २४ जून २०१९ रोजी केपीएन या दूरसंचार कंपनीच्या बिघाडाने ११२ हा तातडीचा क्रमांक बंद पडला, तेव्हा सरकारने फोनवर इशारा पाठवला खरा, पण त्यात दिलेला पर्यायी क्रमांक चुकून एका वर्तमानपत्राचा निघाला. असे मजकूर आधीच तयार करून तपासून ठेवणं हाही नियमाचाच भाग असायला हवा.

पर्यायी यंत्रणा? ब्रिटनमध्ये तातडीचे कॉल हाताळणाऱ्या बीटी या कंपनीकडे ती होती. २५ जून २०२३ रोजी ९९९ या तातडीच्या क्रमांकाचं काम बिघडलं, पण तिच्यावर जाण्याचा पहिला प्रयत्न माणसाच्या चुकीने फसला, कारण ते कसं करायचं याच्या सूचनाच नीट लिहिलेल्या नव्हत्या. जवळपास १४,००० कॉल जोडले गेले नाहीत. मूकबधिरांचे लिखित संदेश पुढे पोचवणारी रिले सेवाही बंद होती. तिथल्या ऑफकॉम या नियामकाने १ कोटी ७५ लाख पौंड दंड केला.

बाजार शिक्षा करेल, असं म्हणणाऱ्यांनी १८ सप्टेंबर २०२५ आठवावा. पुन्हा ऑप्टस. फायरवॉलचं, म्हणजे नेटवर्कच्या सुरक्षा-यंत्रणेचं, अद्ययावतीकरण चालू असताना काही भागांत ००० चे कॉल थांबले, आणि नेहमीचे कॉल मात्र व्यवस्थित लागत होते. कंपनीच्या देखरेख यंत्रणेला पत्ता नव्हता. काही ग्राहकांनी कॉल सेंटरला कळवलं, ती माहिती तिथेच अडकली. बारा तासांहून अधिक काळ हे चाललं आणि ज्यांचे कॉल लागले नाहीत त्यांच्या घरांत मृत्यूही झाले. बाहेरून जे दिसतच नाही त्यावरून ग्राहक कंपनी कशी बदलणार? तातडीचा कॉल लागतो की नाही हे ज्याला कळतं, त्याला ते सर्वांत वाईट क्षणी कळतं.

उरला कागदांचा मुद्दा. नेटवर्कचे नकाशे आणि कच्चे दुवे जाहीर करू नयेत, हे मला मान्य आहे. ते नियामकापुरते राहावेत. पण प्रत्येक अहवाल हा निरर्थक कागद नसतो. अमेरिकेत ९११ या तातडीच्या क्रमांकाच्या कॉलवर परिणाम करणारा बिघाड लक्षात आल्यापासून ३० मिनिटांच्या आत कंपनीने संबंधित कॉल केंद्रांना कळवायचं असतं. त्यामुळे केंद्र लोकांना दुसरा मार्ग सांगू शकतं. ऑस्ट्रेलियात ज्यांचा कॉल लागला नाही त्यांची यादी काढून प्रत्येकाची विचारपूस करणं कंपनीला बंधनकारक आहे. २०२३ च्या त्या बिघाडानंतर ऑप्टसने ३६९ जणांची अशी विचारपूस केलीच नव्हती. हे उघड झालं ते नियामकाने हिशेब मागितला म्हणून, आणि कंपनीला १ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक दंड भरावा लागला.