खाली ऊन पडलं म्हणून वरची वाट मोकळी होत नाही

हिवाळा सरला की ट्रेकर मंडळींत एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘शेवटचा बर्फ पडून महिना झाला, पायथ्याशी आठवडाभर कडक ऊन आहे, कालच एक ग्रुप जाऊन आला. हिमस्खलन ही हिवाळ्यातली भानगड. बर्फ मऊ होईपर्यंत आरामात नाश्ता करा, बुटांवर मायक्रोस्पाइक्सचे छोटे दात चढवा आणि बिनधास्त निघा.’ वाचायला झकास. यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, आणि घात नेमका तिथेच होतो.

आधी उन्हाचं बघू. उंची १००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. उताराचं तोंड कुठे आहे, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या उतारावर गवत उगवलेलं असतं, तेव्हा त्याच डोंगराच्या उत्तर अंगाला गुडघाभर बर्फ असू शकतो. त्यात वाऱ्याने ढकललेला आणि वरून घसरलेला बर्फ नाळांमध्ये, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळींमध्ये, साठतो आणि तिथे सगळ्यात उशिरापर्यंत टिकतो. म्हणजे जवळजवळ सगळी वाट कोरडी ठणठणीत आणि मधे एकच नाळ आडवी ओलांडायची, असं सर्रास होतं. जायचं की नाही हे त्या नाळेवरून ठरवायचं. कोरड्या वाटेचे फोटो कितीही बघितले तरी त्या नाळेबद्दल काही कळत नाही.

‘हिमस्खलन हिवाळ्यातलं’ हा यातला सगळ्यात घातक मुद्दा. ताज्या, कोरड्या बर्फाची स्खलनं वसंतात कमी होतात, हे कबूल. पण मग ओल्या बर्फाची सुरू होतात. वितळलेलं पाणी थरांत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा उतार जड, ओल्या लोंढ्यासारखा खाली येतो. स्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. तुमची वाट सपाट असली म्हणून सुटका नाही. तसा उतार डोक्यावर असला तरी पुरे. बरं, दिवसाच्या उन्हाइतकंच आदल्या रात्रीचं आकाश महत्त्वाचं. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडतो, त्यामुळे हवा शून्याच्या जराशी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री तसं होत नाही. पहाटे तंबूबाहेर येऊन बर्फावर टाच आपटून बघा. खण्णकन वाजली तर थोडा वेळ हाताशी आहे. पाय घोट्यापर्यंत आत गेला तर रात्रभरात काहीच गोठलेलं नाही; त्या दिवशी तीव्र उताराचा नाद सोडा.

म्हणूनच ‘आरामात निघा’ हा सल्ला उलटा आहे. बर्फ जरा मऊ झाला की पाऊल चांगलं बसतं, यात वाद नाही. पण ते सुख फार वेळ टिकत नाही. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत यायला लागले, पाय नडगीपर्यंत रुतायला लागला, की उशीर झालेला असतो. वरून दगडही सुटतात. आणि परतायचंही त्याच वाटेने असतं! वितळलेल्या पाण्याचे ओढे दुपारनंतर फुगतात. सकाळी उड्या मारत ओलांडलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत आलेला असतो. ओढ्यावरचा बर्फाचा पूल तर खालून पाण्याने आणि वरून उन्हाने, दोन्हीकडून पातळ होत जातो. मधे खचलेला, करडा पडलेला पट्टा दिसला आणि खाली पाण्याची खळखळ ऐकू आली तर त्यावर पाय ठेवू नका, मग कालचे ठसे त्यावर कितीही ठळक असोत.

ठशांचा विषय निघालाच आहे तर, ‘कालच एक ग्रुप जाऊन आला’ यावरून ते लोक काल बचावले एवढंच कळतं. ते किती वाजता गेले, रात्री काय गोठलं होतं, त्यांच्या हातात काय होतं, यातलं काही ठशांत उमटत नाही.

मायक्रोस्पाइक्सबद्दल थोडक्यात: सपाट किंवा हलक्या उताराच्या कडक बर्फावर उत्तम. तीव्र, टणक उतारावर ते दात तोकडे पडतात. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब, टोकदार दात) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुदळ) लागते, आणि घसरल्यावर अ‍ॅक्सने स्वतःला थांबवायचा सराव लागतो. सराव नसेल तर अ‍ॅक्स सॅकला शोभेची.

त्या भागाचा हिमस्खलन अंदाज निघत असेल तर जरूर वाचा, पण धोक्याच्या पाच पायऱ्यांच्या मापात ‘३’ म्हणजे मधला, चालून जाईल, असं समजू नका. पुष्कळ मृत्यू त्याच पायरीला होतात. आणि स्थानिक गाइडला फोन कराल तेव्हा ‘वाट उघडली का’ असं मोघम विचारू नका. नाळेत बर्फ किती आहे, रात्री गोठतोय का, ओढ्यावरचा पूल शाबूत आहे का, किती वाजेपर्यंत परत फिरायला हवं, हे विचारा.