‘तांबी बसवू नका’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गर्भनिरोधक गोळीने मळमळ होते, डोके दुखते, मन थाऱ्यावर राहत नाही असा अनुभव आलेल्या, किंवा उच्च रक्तदाब, तीव्र अर्धशिशी अशा कारणांसाठी डॉक्टरांनीच ज्यांना ही गोळी घेऊ नका असे सांगितले आहे, अशा पुष्कळ स्त्रिया हार्मोन नसलेल्या साधनाच्या शोधात असतात. त्यांची ही इच्छा पूर्णपणे रास्त आहे आणि तिला खरी माहिती मिळाली पाहिजे. नेमक्या याच स्त्रियांना उद्देशून लिहिलेला एक मराठी संदेश गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतील महिला मंडळांच्या आणि स्वयंसाहाय्य गटांच्या व्हॉट्सॲपवर पुनःपुन्हा फिरताना दिसतो. त्याचा आशय असा: तांबी, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायचे कॉपर-टी हे तांब्याचे साधन, बसवली की स्त्री वांझ होते, मूल झालेले नसेल तर ती बसवताच येत नाही, तिच्यामुळे दर महिन्याला गर्भपात होतो, ती पोटातून वर सरकत छातीपर्यंत जाते, तिने अंगातले सगळे रक्त जाते, आणि एकदा बसवली की ती काढून मिळत नाही. यावर संदेशाने सुचवलेला उपाय म्हणजे ‘सुरक्षित दिवस’ मोजणे, पाळीच्या आधी पपई आणि तीळ खाणे, आणि फारच वाटले तर ‘हार्मोन नसलेली’ साहेली गोळी घेणे.

वांझपणाची भीती सर्वांत खोल रुजलेली आहे आणि तिला इतिहास आहे, म्हणून तिला सविस्तर उत्तर देणे आवश्यक आहे. भारतात १९६५ मध्ये ‘लूप’ हे प्लास्टिकचे साधन राष्ट्रीय कार्यक्रमात आले. उद्दिष्टे ठरवून, मोठ्या संख्येने आणि पुरेशा तपासणीशिवाय ते बसवले गेले. नंतर रक्तस्राव झाला, दुखले, तर विचारपूस करणारे कोणी नव्हते. आपल्या आजीच्या पिढीने जे सोसले ते खोटे नव्हते. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘डाल्कन शील्ड’ नावाच्या साधनामुळे अनेक स्त्रियांना गर्भाशयाचा गंभीर जंतुसंसर्ग झाला. त्या साधनाचा दोरा अनेक तंतू एकत्र करून बनवलेला होता आणि त्या तंतूंमधून योनीतील जंतू वर चढत असत. १९७४ मध्ये त्याची विक्री थांबली, पण त्याने निर्माण केलेला संशय गर्भाशयात बसवायच्या सगळ्याच साधनांना चिकटला. आजच्या तांबीचा दोरा एकाच गुळगुळीत तंतूचा असतो.

दोऱ्याची रचना बदलली एवढ्यावर कोणी विश्वास ठेवावा असे माझे म्हणणे नाही. या प्रश्नाचा थेट अभ्यास झालेला आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही अभ्यासांत तांबी आणि गर्भनलिका बंद होऊन आलेले वंध्यत्व यांचा संबंध दिसला होता. परंतु त्या स्त्रियांना पूर्वी लैंगिक संबंधांतून पसरणारा संसर्ग झाला होता की नाही, हे तेव्हा पुरेसे तपासलेले नव्हते. २००१ मध्ये मेक्सिको शहरातील १,८९५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात ही उणीव भरून काढली होती. पूर्वी तांबी वापरलेल्या स्त्रियांत गर्भनलिका बंद होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. ते वाढलेले आढळले क्लॅमिडिया या जंतूच्या संसर्गाची खूण रक्तात असलेल्या स्त्रियांत. नलिकांना इजा करतो तो संसर्ग. तांबी बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत गर्भाशयाच्या संसर्गाचा धोका थोडा वाढतो हे खरे आहे. त्यानंतर तो इतर स्त्रियांइतकाच राहतो. म्हणूनच ज्या स्त्रीला त्या वेळी पू-मिश्रित स्राव आहे, ओटीपोटात संसर्ग आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, तिला आधी तपासणी आणि उपचार करून घ्यावे लागतात. ही तपासणी घाईत उरकली जात असेल, तर स्त्रीने ती आग्रहाने मागावी.

मूल न झालेल्या स्त्रीलाही तांबी चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पात्रता निकषांत अशा स्त्रियांना दुसऱ्या वर्गात ठेवलेले आहे, म्हणजे सर्वसाधारणपणे फायदा धोक्यापेक्षा जास्त. बसवताना त्यांना अधिक दुखू शकते आणि तांबी आपोआप बाहेर पडण्याची शक्यताही किंचित अधिक असते, हे त्यांना आधी सांगायला हवे. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षे नोकरीत स्थिर होईपर्यंत मूल नको असे ठरवणारी जोडपी आज गोव्यात सर्वत्र आहेत, आणि त्यांच्यापुढून हा पर्याय केवळ ऐकीव भीतीमुळे काढून घेतला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

दर महिन्याला गर्भपात होतो हा आरोप श्रद्धाळू मनाला फार लागतो. तांब्याचे सूक्ष्म कण गर्भाशयातील स्रावात मिसळतात आणि ते शुक्रजंतूंना मारक असतात. त्यांची हालचाल मंदावते आणि ते बीजापर्यंत पोहोचून त्याला फळवू शकत नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांच्या गर्भनलिकांतून बीजे मिळवून तपासली गेली. गर्भाशयात साधन असलेल्या स्त्रियांत नीट वाढू लागलेले फलित बीज मिळाले नाही. कोणतेही साधन न वापरणाऱ्यांत ती मिळाली. नेहमीच्या वापरात तांबीचे काम गर्भ राहण्याच्या आधीच होते असे आज मानले जाते. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तातडीचा उपाय म्हणूनही तांबी बसवता येते, आणि त्या वेळी फलित बीज रुजण्यावर तिचा परिणाम होणारच नाही अशी खात्री देता येत नाही. ज्या स्त्रीच्या श्रद्धेला हा भेद महत्त्वाचा वाटतो, तिने तो जाणून घेऊन ठरवावे.

छातीपर्यंत सरकण्याची गोष्ट शरीररचनेला धरून नाही. गर्भाशय ही जाड स्नायूंची पिशवी आहे आणि तिथून छातीकडे जाणारी वाट नाही. तांबी बसवताना गर्भाशयाच्या भिंतीला छिद्र पडून ती ओटीपोटात जाणे मात्र शक्य असते; हे साधारण हजारात एक-दोन स्त्रियांच्या बाबतीत घडते, आणि बाळंतपण नुकतेच झालेल्या व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत त्याची शक्यता अधिक असते. म्हणून बसवणारा हात सरावाचा असावा, आणि पहिल्या पाळीनंतर किंवा सहा आठवड्यांनी एकदा दोरा जागेवर असल्याची तपासणी करून घ्यावी. नवऱ्याला दोरा टोचत असेल तर तो आखूड करून मिळतो.

रक्त जाण्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि तांबीची बाजू घेणाऱ्यांनी ते झाकून ठेवू नये. तांबीमुळे बहुतेक स्त्रियांची पाळी पूर्वीपेक्षा जास्त जाते, अधिक दिवस चालते आणि अधिक दुखते. पहिले तीन ते सहा महिने हा त्रास जास्त असतो आणि नंतर बहुतेकींचा कमी होतो. काहींचा होत नाही, आणि त्या ती काढून घेतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा देशात हिमोग्लोबिन न तपासता तांबी बसवणे मला योग्य वाटत नाही. रक्त कमी असले म्हणून तांबी वर्ज्य ठरत नाही, परंतु लोहाच्या गोळ्या आणि पुढची तपासणी तिच्याबरोबर यायलाच हवी. हॉटेलात किंवा औषधांच्या कारखान्यात आठ-आठ तास उभ्याने काम करणाऱ्या मुलीला, किंवा चवथीच्या दिवसांत घर सांभाळणाऱ्या सुनेला, महिन्यातले आणखी दोन दिवस जाणारे रक्त ही लहान गोष्ट नसते. जिची पाळी मुळातच फार जाते, तिने तांबीऐवजी दुसऱ्या साधनाचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. आणि तांबी असताना पाळी चुकली, ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले किंवा ताप येऊन घाण वास येणारा स्राव सुरू झाला, तर वाट न पाहता इस्पितळात जावे. तांबी असताना गर्भ राहणे फार विरळा, पण राहिलाच तर तो नलिकेत असण्याची शक्यता तपासावी लागते.

आता संदेशातील उपायांकडे वळू, कारण माझ्या मते खरी हानी तिथे आहे. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात आणि बीज सुमारे एक दिवस; म्हणजे बीज सुटण्याच्या दिवसासह आधीचे पाच दिवस गर्भ राहू शकतो. अडचण अशी, की बीज कोणत्या दिवशी सुटेल हे पाळी येऊन गेल्यावरच मागे वळून कळते. ताप, रात्रपाळी, प्रवास, मनाचा ताण यांनी तो दिवस पुढे सरकू शकतो. बाळंतपणानंतर आणि चाळिशी उलटल्यावर तर हिशेब हमखास चुकतो, आणि मोबाइलमधील ॲपसुद्धा मागच्या पाळ्यांवरूनच अंदाज बांधते. दिवस मोजण्याची शिस्तबद्ध पद्धत आहे: ज्यांचे चक्र नेहमी २६ ते ३२ दिवसांचे असते, त्यांनी ८ व्या ते १९ व्या दिवसापर्यंत संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा. ती काटेकोर पाळली तर वर्षभरात शंभरातील सुमारे पाच स्त्रियांना गर्भ राहतो. नेहमीच्या वापरात हा आकडा बाराच्या आसपास जातो. संदेशात मात्र ना चक्राच्या लांबीची अट आहे ना बारा दिवसांचा उल्लेख. ‘पाळीच्या आधीचे आणि नंतरचे सात दिवस सुरक्षित’ एवढेच सांगून तो थांबतो. वेळेवर बाजूला होण्याच्या पद्धतीत वर्षाला शंभरातील सुमारे वीस, निरोधच्या नेहमीच्या वापरात तेरा, आणि तांबीत एकापेक्षाही कमी. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की संदेश स्त्रीच्या हातून काय काढून घेतो आणि बदल्यात काय देतो हे स्पष्ट होते.

गोव्यात नवरा बोटीवर नोकरीला असलेली घरे थोडी नाहीत. तो सहा-आठ महिन्यांनी घरी येतो आणि दोन महिने राहतो. अशा वेळी बारा दिवस दूर राहा हा सल्ला कितपत पाळला जाईल, याचा विचार सल्ला देणाऱ्याने करायला हवा होता. अशा जोडप्याला निरोध नीट वापरला तर पुरेसा ठरू शकतो, कारण तो लागेल तेव्हाच वापरायचा असतो आणि लैंगिक संसर्गांपासून संरक्षण देणारे तेच साधन आहे. ज्यांना त्याच्या चुकण्याची धास्ती वाटते, त्यांनी तांबीबरोबर निरोध वापरला तरी हरकत नाही.

पपई आणि तीळ खाऊन गर्भ टळतो याला आधार नाही. त्यावर विसंबून कोणी राहू नये.

साहेलीविषयी थोडे बारकाईने बोलावे लागेल. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी १९९१ मध्ये बाजारात आली, आणि २०१६ पासून ‘छाया’ या नावाने सरकारी कार्यक्रमात आहे. तिच्यात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नाही, त्यामुळे तिला ‘हार्मोन नसलेली’ म्हणतात. पण ती काम करते ती शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन जिथे जोडले जाऊन परिणाम करते त्याच जागांवर. मळमळ वगैरे त्रास तिच्यात कमी असतो आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, ठरलेल्या वारीच ती घ्यायची असते. काहींची पाळी तिच्यामुळे लांबते, आणि मग गर्भ राहिला की काय या काळजीने जीव टांगणीला लागतो. अंडाशयात गाठींचा विकार किंवा यकृताचा आजार असेल तर ती टाळावी. चांगला पर्याय आहे, पण ‘शरीरावर काहीच परिणाम नाही’ हे संदेशातले वाक्य चुकीचे आहे.

या सगळ्या संदेशात पुरुषाचा उल्लेख कुठेच नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. गोळी तेव्हा जगात कुठेच नव्हती, आणि मराठी समाजात ही चर्चा सुरू झाली तीच हार्मोनविरहित साधनांपासून. शंभर वर्षांनंतर पाचव्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतःची नसबंदी हे साधन सांगितले, आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के निघाले. कुटुंब पुरे झालेल्या जोडप्यासाठी बिनटाक्याची पुरुष नसबंदी हीच सर्वांत सोपी हार्मोनविरहित वाट आहे: पोट उघडावे लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो, पुरुषत्वावर परिणाम होत नाही. मात्र पुढचे तीन महिने आणि वीर्याच्या तपासणीत शुक्रजंतू नाहीत असे दिसेपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते.

राहिला शेवटचा दावा, तांबी काढून मिळत नाही हा. सरकारी कार्यक्रमात ३८०-ए ही दहा वर्षांची आणि ३७५ ही पाच वर्षांची, अशा दोन तांब्या मोफत बसवल्या जातात. त्या मुदती म्हणजे जास्तीत जास्त किती काळ ठेवता येईल याची मर्यादा आहे. तेवढा काळ ठेवलीच पाहिजे असे बंधन नाही. दोरा धरून ती बाहेर काढायला काही मिनिटे लागतात, शस्त्रक्रिया लागत नाही, आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापासून (गोमेकॉ) तालुक्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत ती काढण्याची मागणी स्त्री केव्हाही करू शकते. मूल हवे म्हणून, त्रास होतो म्हणून, किंवा नकोशी झाली म्हणून, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे. त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. काढल्यावर गर्भ राहण्याची क्षमता लगेच परत येते, इतकी लगेच की मूल नको असेल तर दुसरे साधन त्याच दिवशी ठरवून घ्यावे लागते.