"जळगावात मागणीच नाही" म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

नव्या कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या) प्रीऑर्डरवरच्या, म्हणजे आगाऊ नोंदणीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर ते तुमच्याच भाषेत गेलं असतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवा कन्सोल आला की सुरुवातीला होणारी टंचाई बहुतेक वेळा खरी असते, कंपनीचं नाटक नसतं. पण जो थोडा माल येतो तो वाटायची पद्धत अशी आहे की खान्देशातल्या पोराचा नंबर त्यात लागत नाही. एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "टंचाई मुद्दाम केलेली असते हे शेंबड्या पोरालाही कळतं. किंमत वाढवली की रांग आपोआप संपते. जळगावात बसून पुरवठा-मागणीचे धडे देऊ नका, तिथे मागणीच नाही, मग कंपनी माल कशाला पाठवेल? मी स्वतः भुसावळचा आहे. पुण्यातून पहिल्याच दिवशी बुक केला आणि भाच्याला पाठवला. रडण्यापेक्षा फास्ट इंटरनेट घ्या. आणि लेख फार लांबलाय."

लेख लांबला, हे मान्य. पीएस 2 च्या (सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलच्या दुसऱ्या पिढीच्या) काळातला भाग निम्म्यावर आणता आला असता.

आता बाकीचं. ज्या माणसाशी आपण आयुष्यात एकदाही बोललो नाही, त्याची गाठ पहिल्याच ओळीत शेंबड्या पोराशी घालायची, ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात? भुसावळात नक्कीच नाही. आमच्याकडे भांडणसुद्धा "काय भो" म्हणून सुरू होतं. माझं मत पटलं नाही तर तसं लिहा, कडक शब्दांत लिहा, मी ते इथेच ठेवतो. आजवर एकही प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. पण "रडणं" हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून लेख पुन्हा वाचून पाहा. त्यात कुठेही मला कन्सोल मिळाला नाही अशी तक्रार नाही. माझ्याकडे आहे. मी लिहिलं ते ज्यांना मिळत नाही त्यांच्याबद्दल, आणि ते लिहिण्याचा अधिकार मला का आहे ते आता सांगतोच.

तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला एकच वाक्य लागलं: "तिथे मागणीच नाही."

मी गोलाणी मार्केटमध्ये मामांच्या दुकानाच्या काउंटरवर बसून मोठा झालो. टीव्हीला जोडायचे ते कॉपी व्हिडिओ गेम, पिवळ्या-काळ्या कॅसेट, मग पुढे सीडी. सुट्टीत पोरं एरंडोल, धरणगाव, यावलहून एसटीने यायची आणि विचारायची, "नवीन आलं का?" आलेलं नसायचं. मामा वहीत नाव, गाव आणि बयाण्याची रक्कम लिहून घ्यायचे. माल आला की वहीतल्या क्रमाने निरोप जायचा. ज्याने दहा रुपये दिले आणि ज्याने शंभर दिले, दोघांचा नंबर नावाच्या क्रमानेच लागायचा, यावरून मामांनी गिऱ्हाइकांशी वादही घातलेले मी पाहिलेत. त्या वहीत रावेरच्या केळीवाल्यांची पोरं होती, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली पोरं होती, चोपड्याच्या शिक्षकांची होती. मागणी नव्हती म्हणता? ती वही आजही आमच्या घरात आहे.

पुढे पीएस 4 भारतात आला, 6 जानेवारी 2014 ला, 39,990 रुपयांना. तेव्हा काउंटर माझ्या हातात होता. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं होतं. मी डिस्ट्रिब्युटरकडे पीस मागितले तर उत्तर मिळालं, "आधी मुंबई-पुण्याचं भरू दे." नंतर पीस मिळाले, पण प्रत्येक बॉक्सबरोबर दोन असे गेम घ्यायचे जे तिकडे खपलेले नव्हते, वर एक जास्तीचा कंट्रोलर. खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. युरियाची गोणी हवी तर सोबत नको असलेलं खत घ्या, याला कृषी केंद्रात लिंकिंग म्हणतात. बॉक्सवर एमआरपी छापलेली असते, तिच्यापेक्षा जास्त घेणं कायद्यात बसत नाही, म्हणून जास्तीचा पैसा बंडलमधून वसूल होतो. टंचाईची किंमत अशीच मोजली जाते, आणि ती शेवटच्या गावाला सगळ्यात जास्त मोजावी लागते. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी माझ्या गिऱ्हाइकाला ते दोन नकोसे गेम हातात देताना त्याचा चेहरा पाहिलाय.

आता पीएस 5. जगात 12 नोव्हेंबर 2020 पासून विक्री सुरू झाली, भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला. प्रीऑर्डर 12 जानेवारी 2021 ला दुपारी 12 वाजता उघडली आणि काही मिनिटांत संपली. त्या दुपारी माझ्याकडे चार-पाच पोरं मोबाइल घेऊन बसली होती. एका मोठ्या वेबसाइटवर जळगावचा पिनकोड टाकला की "या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध नाही" असं येत होतं. त्यांनी काय केलं? एकाने पिंपरीतल्या मावशीचा पत्ता टाकला. एकाने नाशिकच्या होस्टेलचा. एकाने सुरतेतल्या काकांना फोन लावला, कारण सुरतेत खान्देशातली माणसं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक असेलच.

कंपनीच्या संगणकात ही सगळी नोंद कशी झाली असेल? पिंपरी एक, नाशिक एक, सुरत एक, जळगाव शून्य. पुढच्या वेळी माल कुठे किती पाठवायचा हे ठरवणारा माणूस हेच आकडे पाहणार, आणि तुमच्यासारखाच म्हणणार की जळगावात मागणीच नाही.

आणि तुम्ही? तुम्ही पुण्यात बुक केलात आणि भुसावळला भाच्याला पाठवलात. खेळणारा भुसावळचा, पैसे बहुधा भुसावळच्या घरातले, विक्री मात्र पुण्याच्या खात्यात. माझ्या लेखाचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही स्वतःच्या प्रतिक्रियेत लिहून दिलात आणि वर मलाच धडे देऊ नका म्हणालात. भाच्याला पुण्यात मामा आहे, म्हणून त्याचा नंबर लागला. ज्याला नाही त्याने काय करायचं, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

"मुद्दाम केलेली टंचाई" यावर फार लिहीत नाही, कारण मूळ लेखात ते आहे आणि तुम्ही ते वाचलेलं दिसत नाही. सोनीने पीएस 2 अमेरिकेत आणला ऑक्टोबर 2000 मध्ये. पहिल्या दिवसासाठी 10 लाख पीस देणार म्हणून सांगितलं होतं, सुटे भाग कमी पडले म्हणून 5 लाखांवर आणलं. 2006 मध्ये पीएस 3 च्या वेळी डिस्क वाचणाऱ्या निळ्या लेझरचे डायोड पुरेनात, म्हणून युरोपातली विक्री मार्च 2007 पर्यंत पुढे गेली. एखादी कंपनी स्वतःहून अख्खा युरोप नाताळात रिकामा ठेवेल का? पीएस 5 आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींच्या मुख्य चिप एएमडी कंपनीच्या, आणि बनतात तैवानच्या टीएसएमसी या चिप कारखान्यात. तिथली क्षमता महिनोन् महिने आधी बुक करावी लागते, आणि 2020-21 मध्ये मोबाइलपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत सगळेच त्या दारात उभे होते. शिवाय हे यंत्र विकून कंपनीला सुरुवातीला तोटाच होत होता. डिस्कवाला पीएस 5 आता तोट्यात जात नाही, हे सोनीने सांगितलं ते ऑगस्ट 2021 मध्ये. कमाई गेममधून आणि सबस्क्रिप्शनमधून होते. ज्याच्या घरी यंत्रच पोचलं नाही तो गेम कशावर खेळणार? माल दाबून ठेवण्यात कंपनीचं नुकसान आहे. जानेवारी 2023 मध्ये 3 कोटींचा आकडा ओलांडल्यावर सोनीने टंचाई संपल्याचं जाहीर केलं, ते काय नाटकाचा पडदा पडला म्हणून?

किंमत वाढवण्याचं म्हणाल तर नोव्हेंबर 2022 मध्ये भारतात वाढवलीच होती, 49,990 चा 54,990 झाला. त्याने आमचा पिनकोड बदलला नाही. या विषयावर मला याहून जास्त बोलायचं नाही.

आणि फास्ट इंटरनेट. हे वाक्य लिहिताना तुम्हाला स्वतःलाच बरं वाटलं असेल. 25 नोव्हेंबर 2020 ला अमेरिकेत वॉलमार्टने पीएस 5 विक्रीला काढला, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात बॉटचे (आपोआप खरेदी करणाऱ्या प्रोग्रामचे) 2 कोटींहून जास्त प्रयत्न अडवल्याचं त्यांनीच सांगितलं. तिथे माणसाचं बोट काय करणार, जळगावचं असो की कोथरूडचं? हां, एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो: पुण्या-मुंबईतल्याही हजारो लोकांना त्या दुपारी काही मिळालं नाही, फक्त खान्देशच कोरडा राहिला असं नाही. पण त्यांना निदान "संपलं" असं उत्तर मिळालं. आम्हाला "तुमच्याकडे देत नाही" असं मिळालं.

रांग नीट लावता येते, ही कल्पना माझी नाही. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने जुलै 2021 मध्ये स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राची नोंदणी घेतली तेव्हा फक्त 5 डॉलर घेतले, आणि सुरुवातीचे दोन दिवस ज्याच्या खात्यावर जूनच्या आधीची एखादी खरेदी आहे त्यालाच नाव लावता येत होतं. त्या दोन दिवसांत आदल्या रात्री उघडलेली हजार खोटी खाती घेऊन येणाऱ्याला जागा नव्हती. निन्टेन्डोने आपल्या स्विच 2 या कन्सोलसाठी जपानात आपल्या स्टोअरवर सोडत काढली. अट होती जुन्या स्विचवर 50 तासांचा खेळ आणि वर्षभराची ऑनलाइन सदस्यता. 22 लाख अर्ज आले, कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः सांगितलं की सगळ्यांना देता येणार नाही. 5 जून 2025 ला विक्री सुरू झाली आणि चार दिवसांत जगभरात 35 लाख गेले. माल तिथेही कमीच पडला. पण मागणी किती आणि कुणाची, हे आधी मोजलं गेलं. ज्याचा नंबर लागला नाही त्याचंही नाव कुठेतरी लिहिलं गेलं. मामांच्या वहीत लिहिलं जायचं तसं.

मी मागतोय ते एवढंच. 12 वाजता दार उघडून 12 वाजून 5 मिनिटांनी बंद करू नका. नोंदणी तीन दिवस चालू ठेवा, थोडा परत मिळणारा बयाणा घ्या, जुन्या खात्यांना आधी संधी द्या आणि मग सोडत काढा. डिलिव्हरी देता येत नसेल तरी पिनकोड लिहून घ्या. आणि जिल्ह्याच्या गावातल्या एका तरी दुकानाला त्या नोंदणीच्या प्रमाणात पीस द्या, बंडल न लादता. धुळ्यात, नंदुरबारात, जळगावात अशी दुकानं चालवणारे लोक आहेत. त्यातल्या कितीतरी जणांनी आता शटरवर मोबाइल रिपेअरिंगचा बोर्ड लावलाय, कारण नवा माल वेळेवर येतच नाही आणि जुन्यावर घर चालत नाही. मीही काउंटर सोडला तो याच कारणाने. तुम्ही म्हणाल त्याचा इथे काय संबंध. संबंध आहे. जे दुकान बंद पडलं, त्याच्याबरोबर तिथली मागणी दाखवणारा शेवटचा माणूसही गेला.

तुमचं नाव मी मुद्दाम इथे घेतलेलं नाही. बाकी वाचकांनीही प्रतिक्रियेत तुमच्यावर तुटून पडू नये, मला ते आवडणार नाही. तुम्हाला उत्तर द्यायचं असेल तर याच लेखाखाली द्या, फक्त पहिली ओळ सांभाळून लिहा.

आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ज्या वाचकांनी गेल्या काही वर्षांत कन्सोल घेतला असेल त्यांनी खाली तीनच गोष्टी लिहा: तुमचं गाव, ऑर्डर कुठल्या शहराच्या पत्त्यावर केली, आणि तिथून घरी कसा आणला. नाव-फोन नको. महिनाभरात जे जमेल ते गावनिहाय मांडून कंपन्यांच्या इथल्या ऑफिसला मी पाठवणार आहे. तुमच्या भाच्याची नोंद भुसावळच्या खाली मी आजच केली आहे.