‘मॅम, क्राफ्ट बिअर अशीच असते’

रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत. उद्या लवकर उठायचंय, पण डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आज संध्याकाळी आम्ही चौघं बालेवाडीकडच्या एका पबमध्ये गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण हे एका जागेपुरतं नाही. बाहेर मोठ्ठी पाटी, ताजी बिअर इथेच बनते म्हणून. आत भिंतभर निऑन, छतावरून प्लास्टिकच्या वेली लोंबतायत आणि आवाज इतका की मेनूवर बोट ठेवून ऑर्डर द्यावी लागत होती. वेटर आला. नवऱ्याला आणि त्याच्या मित्राला त्याने नीट विचारलं, काय घेणार वगैरे. माझ्याकडे वळला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “मॅमना स्ट्रॉबेरीवाली देऊ? स्वीट आहे, लेडीजना आवडते.”

मी हेफेवायझेन मागितली, म्हणजे गव्हाची बिअर. त्याला कळेना, मग मीच कार्डावर दाखवली. ग्लास आला तो थेट फ्रीझरमधून काढलेला, बाहेरून बर्फाचा थर चढलेला. फेस आला तसाच विरला. आणि पहिल्याच घोटाला जिभेवर लोणी! थिएटरात पॉपकॉर्नवर ते पिवळं काहीतरी ओततात ना, तीच चव, आणि घशात तेलकट थर. केळ्याचा वास नाही, लवंगेचा नाही, काही नाही. मी सांगितलं, दादा, ही बिघडलीये. मॅनेजर आले. ग्लास हातात घेतला नाही, वास घेतला नाही, चव तर लांबच. मला म्हणाले, “मॅम, क्राफ्ट बिअर अशीच असते. तुम्हाला सवय नसेल.”

सवय नसेल म्हणे.

२०१५ ची गोष्ट. बाबा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. मूळ बार्शीकडचे, आयुष्य गेलं पिंपरीत एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये. बाबा वर्षातून दोन-तीनदा मित्रांबरोबर बिअर घ्यायचे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलायचं नाही. आमच्यासमोर त्यांनी कधीच ग्लास हातात धरला नाही. त्या वर्षी मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही जी बाटलीतली पिता ती सोडा, चला माझ्याबरोबर, कशी बनते ते दाखवते. आधी “काहीतरीच काय” झालं. मग यंत्रं बघायला मिळतील म्हटल्यावर तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून माझ्याबरोबर मुंढव्याला आले.

काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या होत्या. बाबा बसायच्या आधी तिथेच जाऊन उभे राहिले. आतला ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, तिशीतला मुलगा, हात पुसत बाहेर आला. म्हणाला, “काका, आत येता का?” त्याने पोत्यातून मूठभर दाणे काढून बाबांच्या हातावर ठेवले. बाबांनी चार तोंडात टाकले, चावले आणि म्हणाले, “अरे, हे तर सातू!”

सातूच. बार्ली म्हणजे सातू. त्याला मोड आणायचे आणि योग्य वेळी उष्णता देऊन वाळवायचं की झालं माल्ट. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की नंतर गरम पाण्यात भिजवल्यावर पिठूळ भागाची साखर होते. तीच साखर पुढे यीस्ट खातं आणि त्याची बिअर होते. बाबा म्हणाले, “आमची आई नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करायची. तेच की हे.” तो मुलगा इतका खूश झाला की आमची ऑर्डर घ्यायचं राहूनच गेलं. आपल्याकडे आंबील आहे, नाचणीचं सत्त्व आहे, इडली-डोशाचं पीठ आपण रोज आंबवतो. मोड आणणं आणि आंबवणं ह्या दोन्ही गोष्टी आपल्या आज्यांना बोटांवर येत होत्या. आणि आज मला एक माणूस सांगतो की तुम्हाला सवय नसेल!

मला राग स्ट्रॉबेरीचा नाही. ज्याला आवडते त्याने जरूर प्यावी, बेल्जियमवालेही फळं घालतातच. राग ह्याचा आहे की आतली बिअर काय आहे हे विकणाऱ्यालाच माहीत नाही आणि माहीत करून घ्यावं असं वाटतही नाही. झाडं कुठली टांगायची, सेल्फीसाठी पंखांची भिंत कुठे रंगवायची ह्यावर बैठका होत असतील. टॅपची नळी शेवटची कधी धुतली, हे कोणी विचारत असेल का?

आणि हे कुठे चाललंय, तर पुण्यात! देशात क्राफ्ट बिअरची लाट अगदी सुरुवातीला जिथे आली त्या पुण्यात. २००९ साली डूलाली ही स्वतःची बिअर बनवणारी जागा आली ती मुंबईत नाही, बंगळुरूतही नाही, आपल्या मोहम्मदवाडीच्या बाजूला. डूलाली हा शब्दही आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत कंटाळून वेडे झालेले गोरे सैनिक, त्यांच्या बोलीत देवळालीचं डूलाली झालं. मग एफिंगट इथे सुरू झालं, इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी मुंढव्यात सुरू झाली, ग्रेट स्टेट एलवर्क्स इथलीच. मधापासून मीड बनवणारी मूनशाइन मीडरीही पुण्याचीच. ह्या लोकांनी पाच-पाच, सहा-सहा टॅप लावून आपल्याला शिकवलं की बिअर म्हणजे फक्त पिवळी आणि थंड नसते. लहान लहान टेस्टर ग्लास समोर ठेवून सांगितलं की ही विट, हिच्यात धणे आणि संत्र्याची साल आहे. ही स्टाउट, भाजलेल्या दाण्यामुळे हिला कॉफीसारखा वास येतो. ही आयपीए, हॉप्सच्या फुलांमुळे कडू लागेल, पण एक घोट थांबा. मला आठवतंय, तेव्हा टॅपवर असलेला प्रत्येक मुलगा हे सांगू शकायचा, आणि सांगताना त्याचे डोळे चमकायचे.

बाबांना त्या दिवशी हेफेवायझेनच दिली होती. गढूळ, मधाच्या रंगाची, वर तीन बोटं फेस. त्यांनी आधी वास घेतला. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “केळं घातलंय का गं ह्यात?” नाही बाबा, केळं घातलेलं नाही. पिकलेल्या केळ्याला ज्याच्यामुळे वास येतो तोच पदार्थ हे गव्हाच्या बिअरचं यीस्ट स्वतः तयार करतं. लवंगेचा वासही त्याचाच. एका जिवंत गोष्टीने पाणी, गहू आणि सातूतून केळ्याचा वास काढलाय हे कळल्यावर बाबा बराच वेळ ग्लासकडे नुसतं बघत राहिले. मग एक घोट घेतला. तो पूर्ण ग्लास त्यांनी तासभर पुरवला. आम्ही काय बोललो? बार्शीची विहीर, आजीचं जातं, कारखान्यातला पहिला पगार. त्यांच्या पहिल्या पगाराचा आकडा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. बाप-लेकीत असं बोलणं आमच्याकडे आधी कधी झालंच नव्हतं.

म्हणून मला हे मनाला लागतं. कोणाला वाटेल, एवढं काय त्या बिअरचं. आमच्या मावशींना तर वाटेलच, उद्या सकाळी फोन येईलच. मान्य आहे मावशी, दारूने घरं बसलेली मीही बघितली आहेत. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, ते मी विसरलेले नाही आणि पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र दया नाही. आम्ही आजही रिक्षाने गेलो, रिक्षाने आलो. पण म्हणूनच तर म्हणतेय. जो माणूस एका ग्लासात काय आहे ते समजून, वास घेऊन, तासभर पितो त्याला घडवायचं, की कानठळ्या बसवून चार ग्लास रिचवायला लावायचे? पबवाल्यांनी दुसरा रस्ता धरला आणि आपण गपगुमान त्यांच्या मागे गेलो.

बर्फाळलेल्या ग्लासाचंही तेच. जीभ बधीर झाली की खराब बिअर खराब आहे हे कळत नाही, आणि चांगलीचा वासही उठत नाही. आमरस कोणी डीप फ्रीझरमधून दगड करून वाढतो का? गव्हाच्या बिअरचा सगळा जीव तिच्या वासात, आणि तुम्ही त्यावरच बर्फ घालता!

आता त्या लोण्याचं सांगते. तो दोष आहे. शंभर टक्के दोष. यीस्ट काम करत असताना डायअसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो, त्याची ती चव. शेवटी आणखी थोडे दिवस थांबलं तर यीस्टच तो परत खाऊन टाकतं. घाई केली तर राहतो. नाहीतर नळ्यांमध्ये, टॅपच्या तोंडात जंतू वाढलेले असतात, त्यांच्यामुळेही येतो. म्हणजे एकतर बिअर कच्ची उतरवली किंवा नळी घाण आहे. मॅनेजरना मी हे सांगायला लागले तर ते माझ्या नवऱ्याकडे बघून हसले. मित्रांनो, त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी बोलतेय आणि तुम्ही त्याच्याकडे बघून हसताय? नवरा म्हणाला, “तिच्याशीच बोला, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.” तेव्हा कुठे हसणं थांबलं. बिअर बदलून मिळाली नाही. ४५० रुपये अधिक व्हॅट, पूर्ण बिल भरून आलो. वाद वाढवायचा नव्हता, बरोबरचे लोक अवघडले होते. मी न भरता उठायला हवं होतं असं आता वाटतंय.

त्या वेटरच्या पोराबद्दल माझा राग नाही, हे लिहिताना लक्षात येतंय. विशीतलं पोर, गावाकडून आलेलं असेल. त्याला मालकाने एक दिवस, फक्त एक दिवस, ब्रुअरबरोबर टाकीशेजारी उभं केलं असतं, मूठभर सातू चावायला दिले असते, तर तो माझ्याशी असा बोलला नसता. त्याला त्याच्या आजीचं सत्त्व आठवलं असतं. त्याला शिकवलंय फक्त लेडीज म्हणजे स्ट्रॉबेरी. भाडी भयंकर आहेत, लायसन्स आणि एक्साइजचा खर्च मोठा आहे, हॉप्स बाहेरून आणावे लागतात, हे सगळं मला कळतं. पण नळी धुवायला काय कोटी रुपये लागतात?

बाबांनी त्या दिवशी ब्रुअरला हेच विचारलं होतं. टाक्या बघून झाल्या, तापमानाचे काटे बघून झाले, मग त्यांनी टाकीपासून टॅपपर्यंत जाणाऱ्या नळीला हात लावला आणि विचारलं, “ही किती दिवसांनी साफ करता?” तो म्हणाला, दर दोन आठवड्यांनी, काका, नाहीतर चव बिघडते. बाबांनी मान डोलावली. आयुष्यभर मशीनच्या लाइन साफ करण्यात गेलेला माणूस. मग त्यांनी विचारलं, उरलेला चोथा कुठे जातो? तो म्हणाला, गोठ्यात, गुरांना. त्यावर बाबांचा चेहरा जो खुलला, तो फोटो माझ्याकडे नाही ह्याचं मला अजून वाईट वाटतं. परतीच्या रिक्षात म्हणाले, “पोरं नीट काम करतायत.” बाबांकडून हे वाक्य मी दहावीच्या निकालालासुद्धा ऐकलं नव्हतं.

आता बाबांनी त्र्याहत्तरी पार केलीये. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला, डॉक्टरांनी बिअर बंद केली. तरी मी कुठे नवीन जागी गेले की दुसऱ्या दिवशी विचारतात, काय होतं, वास कसा होता. आज मी थांबलेच नाही, रिक्षातूनच फोन लावला. आई म्हणाली झोपतायत, पण त्यांनी फोन घेतला. मी सगळं सांगितलं, स्ट्रॉबेरी, बर्फ, तो मॅनेजर. लोण्याची चव म्हटल्याबरोबर पलीकडून झोपाळलेल्या आवाजात आलं, “नळी धुतली नसेल.”

दहा वर्षांपूर्वी एकदाच ऐकलेलं, आणि लक्षात आहे.

मग विचारलं, “आणि केळ्याचा वास?” म्हटलं, नव्हता बाबा. थोडा वेळ गप्प. “मग पैसे कशाला दिलेस?”

आता तुम्ही सगळे सांगा. पुण्यात सध्या कुठे हेफेवायझेन नीट मिळतेय? जिथे आवाज कमी आहे, जिथे ब्रुअर बाहेर येऊन बोलतो, जिथे टाकीजवळ जाऊ देतात. मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, कुठेही चालेल. रविवारी दुपारी बाबांना घेऊन जायचंय. ते लिंबू सोडा घेतील, वास माझ्या ग्लासचा घेतील. आणि मूठभर माल्ट चावायला मिळेल का, हे मी आधीच फोन करून विचारून ठेवणार आहे.