चार घाट आणि खारा बांगडा

पावसाळ्यात गोव्याच्या रिसॉर्टचे दर निम्म्यावर येतात. का येतात, हे तिथं पोचल्यावर कळतं. समुद्रावर लाल बावटा, पोहण्याच्या तलावात वरून पाऊस भर घालतोय, आणि पॅकेजमधला 'सनसेट' ढगांच्या पलीकडे रोज वेळेवर होत असावा. बरं, मासे तरी खाऊ म्हटलं, तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ताटात आलेलं पापलेट आमच्या कितीतरी आधीपासून बर्फात सुट्टीवर होतं. आत्यानं ते एकदा उलटं केलं, परत सुलटं केलं आणि "ह्यापेक्षा आपल्या बेळगावात बरं मिळतंय की" म्हणून वरणभात मागवला.

त्या पापलेटाचा सूड तिनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उगवला. खारे बांगडे, सुकट, बोंबील. तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर तिची जुनी साडी. "वास येणार नाही," ती म्हणाली. आत्या आमच्यात वडीलधारी, त्यामुळे तो येत नाही असं ठरलं.

चेक-आउट अकराला म्हणजे अकराला. आलो तेव्हा गळ्यात माळ घालणारा हसतमुख पोरगा आता हातात कागद घेऊन टॉवेल मोजत होता. फ्रीजमधली पाण्याची बाटली कोणी फोडली यावर काउंटरपाशीच घरगुती चौकशी बसली. तिची किंमत ऐकल्यावर हिनं खोलीत परत जाऊन रिकामी बाटली घेतली, बूच शोधून लावलं आणि पर्समध्ये ठेवली. दुपारचं जेवण वाचावं म्हणून नाश्त्याला आम्ही इडलीवर पास्ता आणि पास्त्यावर शिरा खाल्ला होता. दोन-अडीचपर्यंत घरी, असा हिशोब.

डिचोली, साखळी करत चोर्ला घाटाच्या पायथ्याला, केरीपर्यंत आलो. अंजुणे धरणाच्या अलीकडे गाड्यांची रांग आणि रांगेच्या टोकाला रेनकोटातला पोलीस. "मुखार दरड कोसळल्या. वचपाक मेळना." कधी सुटेल विचारलं, तर त्यानं आभाळाकडं बोट दाखवलं.

आमच्या ऑफिसातला एक जण मागं बालीत अडकला होता. ज्वालामुखीची राख उडाली, विमानं रद्द झाली. त्याला तिकडं हॉटेल मिळालं, जेवणाची कुपनं मिळाली आणि परतल्यावर महिनाभर पुरतील एवढे श्रोते मिळाले. साहेबांनी स्वतः फोन करून "घाई करू नका, जिवाला जपा" म्हणून सांगितलं. त्याच साहेबांना मी केरीतून फोन लावला. "गोवा? मग काय, उद्या दहाला ये की." चूक त्यांचीही नाही. बेळगावात गोवा परगावात धरतच नाहीत. माणूस बालीत अडकला तर तो संकटात असतो, साखळीच्या पुढं अडकला तर तो वेंधळा असतो.

गोव्यातून बेळगावला चढायला घाट चार: अनमोड, चोर्ला, तिलारी, आंबोली. आमच्याकडं प्रत्येक पुरुषाला कुलदैवतासारखा एक घाट असतो, आणि दुसऱ्याच्या घाटाला हात जोडणं त्याला जमत नाही. चोर्ला बंद, ही बातमी घरच्या ग्रुपवर टाकली मात्र, फोन सुरू झाले. खानापूरचा मेव्हणा अनमोडवाला. "मोलेवरनं चढ, लोंढ्याला मी चा घेऊन थांबतो." हाच मेव्हणा गेल्या पावसाळ्यात अनमोडच्या खड्ड्यात गाडीचं चाक ठेवून आला होता. चंदगडचे काका तिलारीवाले. "अर्ध्या वाटेत वर येशील रे!" येईन, पण तो उभा चढ आणि ती वळणं पावसात, आत्याला घेऊन? आत्यानं नाव ऐकताच गाडीचं दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. पुण्याच्या साडूनं रेल्वेनं जायचा सल्ला दिला. कुळे ते कॅसलरॉक रेल्वेचा चढ सदतीस मीटरला एक मीटर, दर पावसाळ्यात दरडी तिथंही पडतात, हे सगळं मी त्याला सांगत बसलो. मी मोटारीत बसलोय हे दोघांच्याही ध्यानात उशिरा आलं.

तासाभरानं पलीकडून एक मोटारसायकलवाला चिखलात माखून उतरला. म्हणाला, रस्त्यावरून नदीच वाहतेय. गोवा आणि कर्नाटक ज्या म्हादई नदीवरून भांडतात, तिच्या पाण्यासाठी लवाद बसला, 2018 साली कर्नाटकाला 13.42 टीएमसीचा वाटा ठरला, तरी भांडण काही मिटलं नाही. त्या दिवशी वर घाटमाथ्यावर कणकुंबीच्या बाजूनं कुणी नुसती बादली घेऊन उभं राहिलं असतं तरी दोन्ही सरकारांचं भागलं असतं.

शेवटी आंबोली. म्हणजे उलटं फिरून दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी आणि मग वर. पाऊस असा की काचा उघडायची सोय नाही, आणि काचा बंद केल्यावर साडीतला बांगडा जागा झाला. एसी लावला तर तोच वास थंड होऊन तोंडावर येऊ लागला. पोरगं रिसॉर्टनं फुकट दिलेली आंघोळीची टोपी नाकाला बांधून बसलं. "कसला वास?" आत्या दर पाच मिनिटांनी विचारत होती, आणि आम्ही तिघं एकसुरात "कुठं काय" म्हणत होतो.

महाराष्ट्राच्या हद्दीत शिरलो तशी तपासणी. बेळगावचा नंबर, गोव्यातून येतोय, मागची बाजू दबलेली. शिपायाच्या चेहऱ्यावर आशा दिसली. "डिकी उघडा." उघडली. त्यानं वाकून साडीची गाठ सोडली, तसाच दोन पावलं मागं गेला आणि हातानंच "जावा, जावा" केलं. त्याच्या मागची गाडी त्यानं न उघडताच सोडली. एवढ्या जालीम वासाखाली दोन बाटल्या सहज निघाल्या असत्या, हे मेव्हण्याला नंतर कळलं तेव्हा तो खरोखर हळहळला.

आंबोलीत धबधबा रस्त्याच्या कडेला आणि पब्लिक रस्त्याच्या मधोमध. रविवार. कोल्हापूरचे, सांगलीचे, आमच्या बेळगावचेही, सगळे गाडीची दारं उघडी टाकून, गाणी लावून भिजत नाचत होते. आम्ही पैसे भरून ज्या गोव्यात सूर्य शोधत होतो, ते सोडून हे लोक फुकटात पाऊस शोधत इथवर आले होते. दीड तास आम्ही एकाच टपरीसमोर होतो. टपरीवाल्यानं आधी कणसं विकली, मग भजी, शेवटी त्याचा आणि आत्याचा मत्स्यव्यवहार सुरू झाला. पाच बांगड्यांच्या बदल्यात चार प्लेट भजी आणि चहा. नवीन मासळी यायची होती, तोही उपाशीच होता बिचारा.

चंदगड मागं पडलं, शिनोळी आली, बाचीला कर्नाटकात शिरलो. तिथल्या शिपायानं काच खाली करायला लावली आणि नुसत्या वासावर "होगरी, होगरी" म्हणून सोडून दिलं. हिंडलग्याचा गणपती दिसला तेव्हा आत्यानं हात जोडले, आणि पोरानं नाकावरची टोपी काढली.

घरासमोर गाडी लावली तेव्हा गल्लीत सामसूम. फक्त शेजारचे काका गॅलरीत उभे, पानाची पिचकारी कुंडीत टाकत.

"एवढा उशीर, ओ? कुठनं आला?"

"आंबोलीवरनं. चोर्ला बंद होता."

"कधी? आमचा जावई साखळीत चा पीत थांबला, दोनला सुटला की रस्ता. साडेचारला घरात येऊन झोपलाय बघा," म्हणाले, आणि नाक वर करून हुंगले. "बांगडा आणलाय वाटतं?"